सहाशे रुबलांचे ऋण

आपल्या बेटावर परीक्षांचे निकाल लागतात आणि शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलामुलींची नावे जाहीर होतात, त्या दिवशी घरोघरी दुसरा विषय नसतो. अमक्यांची मुलगी फ्रान्सला निघाली, तमक्यांची नात लंडनला डॉक्टर व्हायला चालली, अशी वार्ता गावभर होते. हार येतात, मिठाई वाटली जाते, फोटो निघतात. मग काही महिन्यांनी विमानतळावर आईचे डोळे भरून येतात आणि मुलगी काचेच्या दारापलीकडे दिसेनाशी होते. एवढे झाले की आपण मानतो, शिष्यवृत्तीची गोष्ट संपली. आम्हांला मात्र वाटते की खरी गोष्ट तेथून पुढे सुरू होते. ज्या पैशावर ती मुलगी शिकायला गेली, त्या पैशाचे पुढे काय व्हायचे, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. तो प्रश्न एका मुलीने सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतःलाच विचारला आणि त्याचे उत्तरही दिले. तिची कथा आज वाचकांना सांगावी असे आमच्या मनात आहे.

मादाम क्यूरी हे नाव ठाऊक नाही असे शाळकरी मूल आपल्याकडे सापडणार नाही. रेडियमचा शोध लावणारी, दोनदा नोबेल पारितोषिक मिळवणारी ती विदुषी. पण ती जन्माने फ्रेंच नव्हती, पॅरिसला ती परकी विद्यार्थिनी म्हणून आली होती, आणि एका शिष्यवृत्तीच्या आधाराने तिचे शिक्षण पुरे झाले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असते. पाठ्यपुस्तकात रेडियम येते, सहाशे रुबल येत नाहीत.

तिचे माहेरचे नाव मार्या स्क्लोडोवस्का. घरचे तिला मान्या म्हणत. ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा शहरी तिचा जन्म झाला. पाच भावंडांत ती धाकटी. वडील पदार्थविज्ञान आणि गणित शिकवीत, आई मुलींची शाळा चालवीत असे. त्या काळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी तो शतकापूर्वीच वाटून घेतला होता, आणि वॉर्सा झारच्या वाट्याला गेले होते. १८६३ साली पोलिश लोकांनी केलेला उठाव फसला आणि त्यानंतर राज्यकर्त्यांचा हात अधिकच कडक झाला. मान्या दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. त्याआधी थोरली बहीण तापाने गेली होती. वडिलांनी नातेवाइकाच्या धंद्यात घातलेले पैसे बुडाले. घर चालवण्यासाठी शाळकरी मुले जेवायला-राहायला ठेवून घ्यावी लागली.

शाळेत शिकवण्याची भाषा रशियन. आपल्याच देशाचा इतिहास आपल्या भाषेत शिकणे हा गुन्हा. तरी मान्याच्या शाळेत तो शिकवला जाई. इन्स्पेक्टर येत असल्याची खूण झाली की पोलिश पुस्तके झटकन लपवली जात आणि मुली शिवणकाम पुढे घेऊन निमूट बसत. मग हुशार म्हणून मान्याला उभे केले जाई आणि तिला झारच्या घराण्याची नावे रशियन भाषेत घडाघडा म्हणून दाखवावी लागत. आमच्या वाचकांना हे चित्र फार परके वाटणार नाही. आपले पणजोबा-खापरपणजोबा दिवसभर उसाच्या मळ्यात राबून रात्री कंदिलाच्या उजेडात बैठकेत जमत आणि मुलांना आपली अक्षरे गिरवायला लावीत. दोन्हींत फरक पुष्कळ होता. पण परक्या सत्तेखाली आपली भाषा मुलांच्या हाती सोपवण्याची धडपड एकाच जातीची होती.

१८८३ साली, सोळावे वर्ष पुरे होण्याआधी, मान्याने सुवर्णपदक मिळवून शाळा संपवली. पुढे काय? वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. काही धाडसी मंडळींनी मुलींसाठी एक गुप्त विद्यापीठ चालवले होते. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून त्याचे वर्ग आज एकाच्या घरी, उद्या दुसऱ्याच्या घरी भरत. म्हणून लोक त्याला उडते विद्यापीठ म्हणत. मान्या आणि तिची बहीण ब्रोन्या दोघी तेथे जात. पण तेथे पदवी मिळत नसे, आणि ब्रोन्याला डॉक्टर व्हायचे होते. त्यासाठी पॅरिसला जावे लागणार होते, आणि घरात तर पैसा नव्हता.

तेव्हा दोघी बहिणींनी आपसात एक करार केला. कागद नाही, साक्षीदार नाही. ब्रोन्याने आधी पॅरिसला जावे. मान्याने कोणाच्या तरी घरी मुले शिकवण्याची नोकरी धरावी आणि पगारातून बहिणीला पैसे पाठवावेत. ब्रोन्या डॉक्टर झाली की तिने मान्याला बोलावून घ्यावे. वाचकहो, मान्याच्या आयुष्यातली पहिली शिष्यवृत्ती ही अशी होती. आणि ती तिने घेतली नव्हती, दिली होती. देणाऱ्या मुलीचे वय होते अठरा.

१८८६ च्या जानेवारीत ती श्चुकी नावाच्या खेड्यात गेली. वॉर्सापासून शंभरेक किलोमीटरवर. वर्षाला पाचशे रुबल पगार. आसपास बीटाची शेते आणि बीटापासून साखर काढणारा कारखाना. साखरेच्या कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते खेडे डोळ्यांपुढे आणायला कठीण जाऊ नये. मालकाची मुले शिकवून उरलेल्या वेळात मान्या शेतमजुरांच्या मुलांना पोलिश वाचायला शिकवी. कोणी चुगली केली असती तर सैबेरियाची शिक्षा होती. रात्री ती स्वतःसाठी गणित आणि पदार्थविज्ञान वाची. पगाराचा जवळजवळ निम्मा भाग पॅरिसला जाई. त्या घरचा थोरला मुलगा सुटीत आला, दोघांची मने जुळली, लग्नाचा विषय निघाला. आईवडिलांनी साफ नकार दिला. घरी पगारावर राहणारी मुलगी सून म्हणून चालणार नव्हती. अपमान गिळून मान्या त्याच घरात नोकरी करीत राहिली, कारण ब्रोन्याचे पैसे थांबून चालणार नव्हते. तीन वर्षांहून अधिक काळ तिने हे निभावले.

पुढे वडिलांना बऱ्या पगाराची नोकरी मिळाली आणि ते ब्रोन्याला दरमहा चाळीस रुबल पाठवू लागले. ब्रोन्याने लगेच कळवले की त्यातले आठ रुबल आपल्याला न पाठवता मान्याच्या नावाने बाजूला ठेवा. बहिणीचे देणे फेडायला तिने अशी सुरुवात केली. १८९० साली ब्रोन्याचे बोलावणे आले. पण मान्याचा धीर होईना. वडील म्हातारे, मन खचलेले, आणि आता आपल्याकडून काही होणार नाही अशी तिची खात्री पटत चालली होती. एक वर्ष ती वॉर्सातच राहिली. तेथे एका संग्रहालयाच्या छोट्या प्रयोगशाळेत तिला रविवारी किंवा रात्री प्रयोग करायला मिळत. त्या प्रयोगांनी तिचे मन पुन्हा उभारी धरू लागले.

१८९१ च्या नोव्हेंबरात ती निघाली. पैसे वाचवण्यासाठी जर्मनीतून सर्वांत स्वस्त डब्यातून प्रवास केला. त्या डब्यात बाक नसत, म्हणून बसायला घडीची खुर्ची, पांघरायला रजई आणि वाटेत खायची शिदोरी असे सगळे घरून घेतले होते. पॅरिसला ती ब्रोन्याच्या घरी उतरली. ब्रोन्याने एव्हाना काझिमिएश ड्लुस्की नावाच्या पोलिश डॉक्टरशी लग्न केले होते. हा मेहुणा झारच्या पोलिसांच्या नजरेतला माणूस, मायदेशी परत जाण्याची त्याला सोय नव्हती. खरा निर्वासित तो. मान्याला परतीची वाट कागदोपत्री मोकळी होती, परंतु जो विषय शिकायचा त्यासाठी मायदेशात एकही दार उघडे नव्हते. असे अनेक निर्वासित आणि अर्धनिर्वासित त्या घरात संध्याकाळी जमत, चहा पीत आणि नसलेल्या देशाबद्दल बोलत.

सोर्बोनच्या विज्ञान शाखेत त्या वर्षी सुमारे अठराशे विद्यार्थी होते. त्यांत मुली दोन डझनही नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांतही परदेशी मुलींचा भरणा मोठा. याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. विद्यापीठाचे दार फ्रान्सने मुलींना उघडले होते, पण फ्रेंच मुलींच्या सरकारी शाळांत त्या दारापर्यंत नेणारा अभ्यासक्रमच शिकवला जात नसे. उलट रशियाच्या साम्राज्यातील मुलींना स्वदेशी दार बंद, म्हणून त्या परदेशाची वाट धरीत. मान्याची फ्रेंच भाषा कच्ची होती, गणिताचा पायाही वर्गातील मुलांइतका पक्का नव्हता. अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून ती बहिणीचे घर सोडून विद्यापीठाजवळ माळ्यावरच्या खोलीत राहू लागली. थंडीत तस्तातील पाणी गोठे. अंगावर सगळे कपडे घालून झोपावे लागे. पाव, चहा, क्वचित अंडे, असे खाणे. एकदा ती चक्कर येऊन पडली. मेहुणा धावत आला आणि तिला घरी नेऊन त्याने खाऊपिऊ घातले.

१८९३ च्या उन्हाळ्यात पदार्थविज्ञानाच्या पदवी परीक्षेत ती पहिली आली. पण आता साठवलेले पैसे संपले होते. गणिताची पदवी राहिली होती. सुटीत ती वॉर्साला गेली ती परत यायला मिळेल की नाही या चिंतेत. त्या वेळी तिच्या एका मैत्रिणीने तिच्यासाठी खटपट केली. परदेशी राहून पुढे शिकू इच्छिणाऱ्या गुणी विद्यार्थ्यांसाठी अलेक्सांद्रोविच शिष्यवृत्ती नावाचा एक निधी होता. मैत्रिणीने संबंधितांची दारे ठोठावली, मान्याच्या परीक्षेतील यशाची माहिती दिली, आणि शिष्यवृत्ती मिळाली. रक्कम सहाशे रुबल. महिना चाळीस रुबलांत भागवणाऱ्या मान्याला ती सव्वा वर्ष पुरणार होती. १८९४ साली गणिताच्या पदवी परीक्षेत ती दुसरी आली. ते सहाशे रुबल वेळेवर आले नसते तर कदाचित ती वॉर्सातच राहिली असती, आणि एखाद्या शाळेत शिकवता शिकवता तिचे आयुष्य सरले असते.

यानंतरची गोष्ट आमच्या मते तिच्या साऱ्या चरित्राचा कणा आहे. फ्रान्सच्या उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेने तिला पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास करण्याचे काम दिले होते. त्या कामाचे पैसे हाती आल्यावर तिने काटकसरीने सहाशे रुबल बाजूला काढले आणि ते शिष्यवृत्ती देणाऱ्या निधीकडे परत पाठवून दिले. परतफेडीची अट नव्हती. मागितलेही कोणी नव्हते. निधीच्या चिटणिसाला तर आश्चर्याचा धक्काच बसला, कारण अशी रक्कम परत आल्याचा प्रसंग यापूर्वी घडला नव्हता. तिचा हिशेब मात्र सरळ होता. ते पैसे आपल्याजवळ जितके दिवस अडकून राहतील, तितके दिवस दुसरी एखादी गरीब मुलगी किंवा मुलगा वाट पाहत बसेल. ज्या दिवशी ते मोकळे होतील त्या दिवशी दुसऱ्या कोणाचे शिक्षण सुरू होईल. शिष्यवृत्तीला तिने दान मानले नाही आणि बक्षीसही मानले नाही. तिच्या लेखी ती एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वस्तू होती.

याच सुमारास तिची पियेर क्यूरी या शास्त्रज्ञाशी ओळख झाली. तिच्या मनात मायदेशी परतून शिकवावे असे होते. पण ऑस्ट्रियाच्या अमलाखालील क्राको शहरातील विद्यापीठातही स्त्री म्हणून तिला जागा मिळाली नाही. ती पॅरिसला परतली आणि २६ जुलै १८९५ रोजी दोघांचे लग्न झाले. यापुढे आम्ही त्यांना क्यूरीबाई म्हणू. १८९८ च्या जुलैत या दांपत्याने एक नवे मूलद्रव्य जाहीर केले आणि बाईंनी त्याला पोलोनियम हे नाव दिले. नकाशावर नसलेला देश मूलद्रव्यांच्या यादीत जाऊन बसला. त्याच वर्षी डिसेंबरात रेडियम जाहीर झाले. गळक्या छपराच्या शेडमध्ये खनिजाच्या गोण्या उकळून, ढवळून, गाळून चार वर्षांनी बाईंनी शुद्ध रेडियम क्षाराचा एक दशांश ग्रॅम वेगळा केला. १९०३ साली बेकेरेल आणि पती यांच्यासह पदार्थविज्ञानाचे आणि १९११ साली एकटीला रसायनाचे, अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांना मिळाली.

रेडियम काढण्याच्या पद्धतीचे पेटंट पतिपत्नींनी घेतले नाही. ज्ञान सर्वांचे, अशी त्यांची धारणा होती. पहिल्या नोबेलचे पैसे आले तेव्हा बाईंनी ते कोठे पाठवले पाहा. बहीण आणि मेहुण्याने क्षयरोग्यांसाठी रुग्णालय काढले होते, त्याला मदत. पोलिश विद्यार्थ्यांना मदत. ज्या मुलींच्या अध्यापन विद्यालयात बाई शिकवीत तेथील एका गरजू विद्यार्थिनीला मदत. आणि वॉर्सातील एका म्हाताऱ्या बाईंना प्रवासखर्च. या बाई मूळच्या फ्रान्समधील दिएप गावच्या. लग्न होऊन पोलंडला गेल्या आणि तेथे मान्याला फ्रेंच शिकवले. मरण्यापूर्वी एकदा जन्मगाव पाहावे एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती पुरी होण्याजोगा पैसा कधी जमला नव्हता. क्यूरीबाईंनी त्यांना बोलावून घेतले, घरी ठेवले आणि दिएपला पाठवले. आपल्या पूर्वजांपैकी किती जणांना कोकणातले आपले गाव पुन्हा दिसले नाही, हे आठवले की ही लहानशी गोष्ट मनाला भिडते.

१९ एप्रिल १९०६ रोजी पियेर घोडागाडीखाली सापडून मरण पावले. दोन लहान मुली पदरात. सरकारने पेन्शन देऊ केले, ते बाईंनी नाकारले आणि पतीच्या जागी सोर्बोनमध्ये व्याख्याने देण्याचे काम पत्करले. तेथे शिकवणारी ती पहिली स्त्री. तरी परकेपणा सुटला नाही. १९११ च्या जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना थोड्या मतांनी नाकारले. त्याच वर्षी अखेरीस त्यांच्या खाजगी आयुष्यावरून काही वृत्तपत्रांनी काहूर उठवले, परक्या देशाची बाई म्हणून हिणवले, घरासमोर गर्दी जमली. वीस वर्षे फ्रान्ससाठी राबूनही अडचणीच्या दिवशी ती पाहुणीच ठरली. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलींच्या वाट्याला हेही येते, ते लपवण्यात अर्थ नाही.

हा अनुभव घेतलेल्या बाईने आपल्या प्रयोगशाळेचे दार कोणासाठी उघडे ठेवले? अमेरिकन धनिक कार्नेगी यांनी पन्नास हजार डॉलर देऊन क्यूरी शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि तरुण संशोधकांना बाईंजवळ काम करण्याची सोय झाली. १९०६ ते १९३४ या काळात चाळीसहून अधिक स्त्रियांनी तेथे काम केले. नॉर्वे, स्वीडन, इंग्लंड, रशिया, हंगेरी, रुमानिया, पोलंड, कोठून कोठून त्या आल्या. १९०७ साली नॉर्वेची एलेन ग्लेडिश आली. बाईंनी तिच्या प्रयोगशाळेची फी माफ केली आणि त्या बदल्यात तिच्याकडून रेडियमचे क्षार शुद्ध करण्याचे काम घेतले. हीच एलेन पुढे शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेली. हार्वर्डच्या प्रयोगशाळेने स्त्री म्हणून नकार कळवला, तरी ती गेली आणि येल विद्यापीठात काम करून आली. या एलेनची आठवण ठेवावी, कथेच्या शेवटी ती पुन्हा येणार आहे.

पहिल्या महायुद्धात बाईंनी क्ष-किरणांची यंत्रे मोटारींवर चढवून रणभूमीजवळ नेली आणि ती चालवण्यासाठी सुमारे दीडशे स्त्रियांना शिकवून तयार केले. युद्ध संपले, पोलंड स्वतंत्र झाला, पण युरोपभर निर्वासितांचे लोंढे वाहू लागले. रशियातील क्रांतीनंतर ओडेसा सोडून पॅरिसला आलेली कॅथरिन शामिए ही त्यांतलीच. शिकलेली, डॉक्टरेट मिळवलेली, पण देश नाही आणि काम नाही. १९२१ साली बाईंनी तिला प्रयोगशाळेत घेतले आणि ती आयुष्यभर तेथेच संशोधन करीत राहिली. या कामाची किंमतही जबर होती. किरणोत्सर्गाचे धोके तेव्हा नीट उमगले नव्हते, आणि बाईंसह अनेकींच्या शरीराने ती किंमत मोजली.

त्याच १९२१ साली अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी काढून लाखाहून अधिक डॉलर जमवले, एक ग्रॅम रेडियम विकत घेतले आणि ते बाईंना भेट द्यायचे ठरवले. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते समारंभ व्हायचा होता. आदल्या संध्याकाळी बाईंनी दानपत्र वाचले आणि त्या थांबल्या. भेट त्यांच्या नावावर होती. म्हणजे त्यांच्यामागे ती मुलींची खाजगी मालमत्ता झाली असती. त्यांनी वकील बोलावण्याचा आग्रह धरला. सकाळपर्यंत थांबायलाही त्या तयार नव्हत्या. त्याच रात्री कागद बदलून रेडियम प्रयोगशाळेच्या कामासाठी राहील असे लिहून घेतले. सहाशे रुबल परत करणारी मुलगी आणि लाख डॉलरांचे रेडियम नाकारणारी ही म्हातारी, दोघी एकच होत्या.

१९२२ पासून बाई राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्य समितीवर होत्या. आइन्स्टाइन त्या समितीवर होते, आपले जगदीशचंद्र बोसही काही वर्षे होते. समित्यांची आणि भाषणांची बाईंना मनापासून नावड. पण एका विषयासाठी त्या हटून बसत, तो म्हणजे आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्त्या. १९२६ साली त्यांनी त्यावर एक टिपण तयार केले. मजुराच्या किंवा विस्थापिताच्या घरी जन्मलेल्या बुद्धिमान मुलाला वा मुलीला पैशाअभावी विज्ञान सोडावे लागले, तर ते नुकसान त्या एका घराचे नसून साऱ्या समाजाचे आहे, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. माळ्यावरची खोली त्या विसरल्या नव्हत्या.

१९३२ साली वॉर्सात रेडियम संस्था उघडली. तिच्यासाठी विटेविटेचे पैसे गोळा करण्याची खटपट ब्रोन्याने केली होती, आणि रेडियम बाईंनी अमेरिकेतून दुसऱ्यांदा मिळवून आणले होते. दोघी बहिणींचा जुना करार असा पुरा झाला. ४ जुलै १९३४ रोजी रक्ताच्या विकाराने क्यूरीबाईंचे निधन झाले. १९९५ साली फ्रान्सने त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, राष्ट्राच्या थोर पुरुषांच्या पंगतीत नेऊन ठेवल्या. स्वतःच्या कर्तृत्वावर तेथे स्थान मिळालेली ती पहिली स्त्री.

आता एलेन ग्लेडिशकडे वळू. १९२६ ते १९२९ ती विद्यापीठीय स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघाची अध्यक्ष होती. एका देशातील शिकलेल्या स्त्रीला दुसऱ्या देशात संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळवून देणे हे त्या संघाचे मोठे काम. व्हिएन्नाची मारिएटा ब्लाऊ ही अशीच ऑस्ट्रियातील सुशिक्षित स्त्रियांच्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर बाईंच्या हयातीत पॅरिसच्या प्रयोगशाळेत येऊन काम करून गेली होती. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया घेतला. मारिएटा ज्यू. त्याच सुमारास ओस्लोहून एलेनचे बोलावणे आले होते, म्हणून ती वेळेवर बाहेर पडली. पुढे आइन्स्टाइन यांच्या खटपटीने तिला मेक्सिकोत काम मिळाले. एका मैत्रिणीने वॉर्सात मान्यासाठी दारे ठोठावली होती. पंचेचाळीस वर्षांनी मान्याच्या विद्यार्थिनीने दुसऱ्या एका बेघर विदुषीसाठी दार उघडले. सहाशे रुबल कोठवर पोचले ते असे दिसते.

आजही जगात लक्षावधी मुली छावण्यांत, परक्या गावांत, वह्या मिटून बसल्या आहेत. त्यांतल्या एखादीला शिष्यवृत्ती मिळते आणि ती परदेशी विद्यापीठात पाऊल टाकते. आपले बेट लहान, आपला समाज त्याहून लहान. छावण्यांतल्या साऱ्या मुलींना आपण शिकवू शकत नाही. पण आपल्याही घरांतून शिष्यवृत्तीवर शिकून आलेले डॉक्टर, वकील, प्राध्यापक आता थोडे नाहीत. ज्यांना सरकारने, एखाद्या संस्थेने किंवा थोरल्या बहिणीने पोटाला चिमटा घेऊन शिकवले, त्यांनी एकदा आपला जुना हिशेब काढून पाहावा. परत पाठवायला पत्ता सापडणार नाही कदाचित. पण शेजारच्या गल्लीत पुस्तकांच्या खर्चाला अडलेली मुलगी सापडेल, एखाद्या निर्वासित विद्यार्थिनीला मदत करणारा निधी सापडेल. आणि यंदा ज्या घरी हार आणि मिठाई येईल, त्या घरच्या आईने मुलीच्या सामानात लोणच्याच्या बाटलीबरोबर ही सहाशे रुबलांची गोष्टही बांधून द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.